एकगठ्ठा कोण?

आठवीच्या वर्गात शहरियतचा, म्हणजे नागरिकशास्त्राचा संसदेवरचा पाठ शिकवताना आम्ही मुलांना दोन प्रश्न विचारतो. आपला खासदार कोण? नाव बहुतेकांना येते. तो दिल्लीत काय करतो? कायदे करतो, असे उत्तर येते. एकदा एका मुलीने आम्हालाच उलट प्रश्न केला. आपल्या खासदाराने आजवर कोणत्या कायद्याला हो म्हटले आणि कोणत्या कायद्याला नाही, हे कुठे लिहिलेले असते? पाठ्यपुस्तकात याचे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर आमच्याकडेही नव्हते. बी. एड. करताना आम्ही संसदेची रचना, सदस्यसंख्या, अधिवेशने सारे पाठ केले होते. पण आपण दिलेल्या मताचे पुढे काय होते, हे कधी शोधले नव्हते.

त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जुन्या जालन्यात लहानपणापासून ऐकलेले एक वाक्य सारखे आठवत राहिले. प्रत्येक निवडणुकीनंतर ते ऐकू येते. "मुसलमान एकगठ्ठा मतदान करतात." २०२४ साली तर या मतांना 'व्होट जिहाद' असे नाव देण्यात आले. म्हणजे मत देणे हाच गुन्हा ठरला. गांधी चमनच्या परिसरात राहणारा हमाल, कुंडलिकेच्या पलीकडे दुकान चालवणारा व्यापारी आणि आमच्यासारखा मास्तर, तिघांनी आपापल्या घरातून निघून, रांगेत उभे राहून, पडद्याआड बटण दाबले, तरी तो गठ्ठा. आणि संसदेत शेकडो सदस्य पक्षाच्या एका आदेशावर एकाच वेळी एकच बटण दाबतात, त्याला मात्र शिस्त म्हणायचे. हा न्याय कुठला, हे समजून घेण्यासाठी आपल्याच मतदारसंघाचा इतिहास पाहिला पाहिजे.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ साली, आपला भाग हैदराबाद राज्यात होता आणि लोकसभेचा मतदारसंघ अंबड या नावाने ओळखला जात होता. तिथून काँग्रेसचे हनुमंतराव वैष्णव निवडून गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९५७ साली जालना हा मतदारसंघ अस्तित्वात आला आणि त्याचे पहिले खासदार झाले सैफ तय्यबजी.

हे नाव आज आपल्या शहरात फारसे कुणाला आठवत नाही. सैफ तय्यबजी मुंबईचे. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष आणि त्या पदावर बसलेले पहिले मुस्लिम, बद्रुद्दीन तय्यबजी, हे त्यांचे आजोबा. वडील फैज तय्यबजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. मुस्लिम कायद्यावरचा त्यांचा ग्रंथ न्यायालयांत प्रमाण मानला गेला. सैफ स्वतः कायदेपंडित होते, अंजुमन-ए-इस्लामच्या कामात अग्रभागी होते आणि भारतातील मुसलमानांच्या भवितव्यावर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. मुंबईत अंजुमनची सैफ तय्यबजी गर्ल्स हायस्कूल आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

त्यांच्या निवडीचा काळ लक्षात घ्यावा. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शनला तेव्हा नऊ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. मराठवाड्यातल्या अनेक मुस्लिम घरांत त्या दिवसांच्या जखमा ओल्या होत्या आणि रझाकारांच्या आठवणी हिंदू घरांतही ताज्या होत्या. अशा वेळी बहुसंख्य हिंदू मतदारांच्या जालन्याने मुंबईच्या एका मुस्लिम उमेदवाराला लोकसभेत पाठवले. त्यांच्यानंतर आजपर्यंत जालन्यातून एकही मुस्लिम खासदार झालेला नाही.

याचा अर्थ काय लावायचा? जालनेकरांच्या उदारपणाचे कौतुक जरूर करावे. पण मते पडली ती बैलजोडीला, हेही तितकेच खरे आहे. त्या काळी काँग्रेसच्या चिन्हावर उभा राहिलेला माणूस कुठला, कोणत्या धर्माचा, हे मतदाराला दुय्यम होते. म्हणजे तेव्हा मतदार पक्षनिष्ठ होता. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने त्याच निवडणुकीत काँग्रेसला हादरवले, पण जालना काँग्रेसबरोबर राहिला. दुर्दैवाने त्याच लोकसभेच्या मुदतीत सैफ तय्यबजींचे निधन झाले. पोटनिवडणुकीत याच मतदारसंघाने शेतकरी कामगार पक्षाच्या अंकुशराव घारे यांना निवडून दिले. थोड्याच काळात मतदाराने आपली निष्ठा बदलून दाखवली. मतदाराला ती मोकळीक आहे. खासदाराला ती आहे का, हा आपला पुढचा प्रश्न.

त्यासाठी सभागृहात मत कसे पडते ते पाहू. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. कोणता आवाज मोठा ते अध्यक्ष ठरवतात आणि विधेयक मंजूर होते. यात कोणत्या सदस्याने काय म्हटले याची नोंद होत नाही. एखाद्या सदस्याने आग्रह धरला तर मतविभागणी होते. मग घंटा वाजते, दारे बंद होतात, सदस्य आपल्या जागेवरचे बटण दाबतात आणि फलकावर आकडे उमटतात. लोकसभेत ही यंत्रणा १९५७ साली, म्हणजे जालना मतदारसंघाच्या जन्माच्याच वर्षी बसली. मतविभागणी झाली की 'होय' आणि 'नाही' म्हणणाऱ्यांची नावे त्या दिवसाच्या छापील कामकाजात येतात. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते, त्यामुळे तिथे मतविभागणी होतेच. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे. तिने विचारलेली नोंद असते, पण फार थोड्या कायद्यांची असते.

आता पक्षनिष्ठेकडे वळू. पहिली पस्तीस वर्षे पक्षाचा आदेश म्हणजे व्हिप होता, पण तो मोडला तर पक्षातून काढले जाई, खासदारकी जात नसे. त्यामुळे स्वतःच्या बुद्धीने वागणाऱ्याला किंमत मोजून का होईना, वागता येत असे. मुंबईच्या प्रश्नावर सी. डी. देशमुखांनी १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडले. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या इतर अनेक काँग्रेस खासदारांनी पक्षाबरोबर राहून द्वैभाषिक राज्य स्वीकारले. दोन्ही बाजूंना कारणे होती, पण निवड करण्याची मुभा होती. जुलै १९७५ मध्ये आणीबाणीच्या घोषणेला लोकसभेने ३३६ विरुद्ध ५९ मतांनी मान्यता दिली. विरोधी पक्षांचे अनेक नेते तेव्हा तुरुंगात होते. पुण्याचे काँग्रेस खासदार मोहन धारिया यांनी मात्र आपल्याच पक्षाच्या सरकारविरुद्ध सभागृहात उभे राहून आणीबाणीचा निषेध केला. मधू लिमये बिहारमधून निवडून गेलेले मराठी समाजवादी. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली गेली तेव्हा, लोकांनी आपल्याला पाच वर्षांसाठी पाठवले आहे, अधिक काळ बसण्याचा हक्क नाही, या भूमिकेतून १९७६ साली त्यांनी राजीनामा दिला. निष्ठा पक्षापेक्षा मतदाराशी असू शकते, याची ही उदाहरणे.

पण स्वातंत्र्याची दुसरी बाजूही आहे. १९६७ नंतर राज्याराज्यांत आमदारांच्या कोलांटउड्या सुरू झाल्या. हरियाणातून 'आयाराम गयाराम' हा शब्द देशभर गेला. त्याला आळा घालण्यासाठी १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती झाली आणि दहावे परिशिष्ट आले. आता परवानगीवाचून पक्षादेशाविरुद्ध मत दिले किंवा गैरहजर राहिले आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. पैशासाठी पक्ष सोडणारा आणि विवेकासाठी मत बदलणारा, दोघांना कायद्याने एकाच मापाने मोजले. १९९२ साली किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. मात्र असा आदेश सरकारचे अस्तित्व किंवा पक्षाच्या मूळ धोरणाशी निगडित बाबींपुरता मर्यादित असावा, असेही सुचवले. ते सुचवणे सूचनाच राहिले. फुटीर गट मात्र मार्ग काढत राहिले. एक तृतीयांश सदस्य फुटले तर चालत असे, ती सवलत २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने गेली. दोन तृतीयांशांचे विलीनीकरण राहिले. थोडक्यात, एकट्याने नाही म्हणणे महाग झाले आणि घाऊक पक्षांतर शक्य राहिले.

या नव्या व्यवस्थेची पहिली मोठी परीक्षा आपल्याच प्रश्नावर झाली. २३ एप्रिल १९८५ रोजी शाहबानो खटल्याचा निकाल लागला. इंदूरच्या या वृद्ध घटस्फोटितेला पोटगीचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. इद्दतीनंतर पतीची जबाबदारी उरत नाही, या युक्तिवादासाठी जे ग्रंथ पुढे आले त्यांत मुल्लांच्या ग्रंथाबरोबर तय्यबजींचाही होता, म्हणजे जालन्याच्या पहिल्या खासदाराच्या वडिलांचा. न्यायालयाने ते मत, जी स्त्री स्वतःचे पोट भरू शकत नाही तिच्या बाबतीत, पुरेसे मानले नाही.

निकालाविरुद्ध देशभर मोर्चे निघाले. महाराष्ट्रात दुसरा आवाजही होता. हमीद दलवाई यांनी १९७० साली स्थापन केलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाने १९८५ साली तलाक मुक्ती मोर्चा काढला. पण तो आवाज आपल्या मोहल्ल्यांनी ऐकून घेतला नाही. सरकारने आधी आरिफ मोहम्मद खान यांना निकालाच्या बाजूने बोलायला उभे केले आणि मग दिशा बदलली. त्यांनी फेब्रुवारी १९८६ मध्ये मंत्रिपद सोडले. मे १९८६ मध्ये मुस्लिम महिला विधेयक लोकसभेत ३७२ विरुद्ध ५४ मतांनी मंजूर झाले. सत्ताधारी काँग्रेसने व्हिप काढला होता. तेव्हा जालन्याचे खासदार होते काँग्रेसचे बाळासाहेब पवार. मराठवाड्याच्या सहकार क्षेत्रातले हे मोठे नाव. त्यांना पाठवणाऱ्या मतदारांत जुन्या जालन्यातल्या तलाकपीडित बायकाही होत्या. त्यांना कुणी काही विचारले नाही. पक्षाचा आदेश दिल्लीत निघाला, तो निघावा म्हणून समाजाच्या पुढाऱ्यांनी जोर लावला, आणि ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता त्या मोजणीत कुठेच नव्हत्या.

इथे आपण आपल्याला प्रामाणिकपणे विचारले पाहिजे. त्या दिवशी तो व्हिप आपल्याला खटकला का? नाही. आपल्या बाजूचा वाटला म्हणून आपण त्याला लोकशाहीचा विजय म्हटले. मोठ्या गठ्ठ्याचा फायदा घेताना गठ्ठा वाईट आहे, हे आपल्याला सुचले नाही. पुढे दानियल लतिफी यांनी या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. तेही बद्रुद्दीन तय्यबजींचे नातू, त्यांच्या कन्येचे चिरंजीव. २००१ च्या निकालात न्यायालयाने कायदा कायम ठेवला, पण पतीने इद्दतीच्या मुदतीतच पत्नीच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद केली पाहिजे, असा त्याचा अर्थ लावला. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालीही पोटगी मागता येते. ३७२ मतांनी जे बंद करायचा प्रयत्न केला, ते एकेका बाईने न्यायालयाची पायरी चढून उघडून घेतले.

१७ एप्रिल १९९९ रोजी एका मताची किंमत देशाने पाहिली. वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० मतांनी पडले. जालन्याचे खासदार त्या वेळी भाजपचे उत्तमसिंग पवार होते. पलीकडच्या २७० मध्ये काश्मीरच्या बारामुल्लाचे सैफुद्दीन सोझ होते. त्यांचा पक्ष नॅशनल कॉन्फरन्स सरकारच्या बाजूने होता. सोझ यांनी पक्षादेश मोडून विरोधात मत दिले आणि पक्षाने त्यांना काढून टाकले. त्यांचे बरोबर की चूक, यावर मतभेद असू शकतात. पण एकट्या माणसाने सभागृहात नाही म्हटले, तर काय घडू शकते, हे त्या दिवशी दिसले.

आपल्या मतदारसंघात निष्ठेचे सगळे प्रकार पाहायला मिळतात. पुंडलिक हरी दानवे १९७७ साली जनता पक्षाचे खासदार झाले आणि १९८९ साली भाजपचे. अंकुशराव टोपे १९९१ साली काँग्रेसचे खासदार होते, पुढे राष्ट्रवादीत गेले. उत्तमसिंग पवार दोनदा भाजपकडून निवडून आले आणि नंतर काँग्रेसमध्ये गेले. रावसाहेब दानवे १९९९ पासून २०२४ पर्यंत सलग पाच वेळा एकाच पक्षाचे खासदार राहिले, त्या पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले, केंद्रात राज्यमंत्री झाले. पक्षनिष्ठा म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवता येते. म्हणजे माणूस निष्ठावान असो वा पक्ष बदललेला, निवडून गेल्यावर सभागृहात पडणारे मत त्या त्या वेळच्या पक्षाचेच. आपण मात्र मोहल्ल्यात चर्चा करतो ती माणसाची. तो ईदला आला होता का, लग्नात भेटला का, निधी दिला का.

२५ जुलै २०१९ रोजी तिहेरी तलाकच्या विधेयकावर लोकसभेत मतविभागणी झाली. बाजूने ३०३, विरोधात ८२. सत्ताधारी पक्षाचा व्हिप होता. तोंडी तलाक देणाऱ्या पतीला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. पती तुरुंगात गेला तर घर कोण चालवणार, हा प्रश्न बायका विचारत होत्या. नितीशकुमारांचा संयुक्त जनता दल हा सत्ताधारी आघाडीतला पक्ष मतदानाआधी सभागृहाबाहेर गेला. आपण मोर्चे काढले, निषेध केला आणि हा पाशवी बहुमताचा कायदा आहे, असे म्हटले. १९८६ चा ३७२ हा आकडा आणि २०१९ चा ३०३ हा आकडा आम्ही एकदा वर्गातल्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहिला. पक्ष वेगळे, हेतू वेगळे, कायदे एकमेकांच्या उलट दिशेचे. पण दोन्ही वेळी विषय मुस्लिम स्त्रीचा होता आणि दोन्ही वेळी बटण पक्षाने दाबले होते.

२० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाचे घटनादुरुस्ती विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाले. विरोधातल्या दोन मतांपैकी एक आपल्या शेजारच्या औरंगाबाद मतदारसंघाचे तत्कालीन खासदार इम्तियाज जलील यांचे होते, दुसरे असदुद्दीन ओवैसी यांचे. ओबीसी आणि मुस्लिम स्त्रियांना त्या आरक्षणात वेगळा वाटा नाही, हे त्यांचे कारण होते. आम्हाला स्त्रियांचे आरक्षण हवेच आहे, म्हणून ते मत आम्हाला पटत नाही. पण ते नावानिशी नोंदले गेले, त्याचे कारण सांगितले गेले आणि मतदाराला त्याचा जाब विचारता आला. हिशेब असा द्यायचा असतो.

२०२४ साली जालन्याने काँग्रेसचे कल्याण काळे यांना निवडून दिले. त्यांचा विजय एक लाखाहून अधिक मतांनी झाला. २००९ साली याच काळेंना याच दानवेंनी थोडक्या फरकाने हरवले होते. एवढ्या मतांचा फरक एका समाजाच्या गठ्ठ्याने पडत नाही. मराठा आरक्षणाचे आंदोलन आपल्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीतून उभे राहिले होते, शेतकऱ्याचा रागही होता. तरी 'गठ्ठा' म्हणून बोट आपल्याकडेच दाखवले गेले. त्याच निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ जागांवर एकही मुस्लिम खासदार निवडून आला नाही. मग एप्रिल २०२५ मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयकावर मध्यरात्र उलटून गेल्यावर मतविभागणी झाली, २८८ विरुद्ध २३२. काँग्रेस विरोधात होती. ज्या संयुक्त जनता दलाने २०१९ साली सभात्याग केला होता, तोच पक्ष या वेळी बाजूने होता. बाजूचे आणि विरोधातले दोन्ही आकडे पुन्हा पक्षांचेच आकडे.

मग काय करायचे? मुस्लिम खासदार निवडून आला की प्रश्न सुटेल, असे आम्हाला वाटत नाही. व्हिप त्यालाही लागू असतो. व्हिप रद्द करणे आपल्या हातात नाही आणि तो साफ रद्द झाला तर बाजार भरेल, हेही आपण महाराष्ट्रात पाहिले आहे. पण दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. मत देताना उमेदवाराइतकाच त्याचा पक्ष मागच्या पाच वर्षांत कोणत्या विधेयकावर कसा वागला ते पाहणे. आणि मत दिल्यावर, तो आपला असो वा विरोधी, जिंकलेल्या खासदाराला लेखी विचारणे: अमुक विधेयकावर मतविभागणी झाली, तुम्ही हजर होता का, काय मत दिले, का दिले? पक्षाने आदेश दिला म्हणून, हे उत्तर आले तरी चालेल. ते निदान लिहून द्यावे. आणि हा प्रश्न विचारणाऱ्यांत फक्त मशिदीच्या कमिटीतले बुजुर्ग नसावेत. ज्यांच्याविषयी १९८६ आणि २०१९ चे कायदे झाले त्या बायका असाव्यात.

जो समाज अशी विचारणा करतो त्याला गठ्ठा म्हणता येत नाही. गठ्ठा बांधला जातो आणि उचलून नेला जातो. तो कधी पावती मागत नाही.

आमच्या विद्यार्थिनीला आम्ही पुढच्या तासाला उत्तर दिले. लोकसभेच्या कामकाजात मतविभागणीची नावे कशी छापलेली असतात, ते दाखवले. तिने यादीवरून बोट फिरवत जालना शोधायला सुरुवात केली. यादीत नावे होती, मतदारसंघ नव्हते. मग तिने वहीच्या शेवटच्या पानावर १९५७ पासूनच्या जालन्याच्या सर्व खासदारांची नावे लिहून घेतली. सगळ्यात वर लिहिले सैफ तय्यबजी. प्रत्येक नावापुढे तिने एक रकाना मोकळा ठेवला आहे.